थार मागून बसतेय. मोटारी काढायचं सामान कायम गाडीत. हेल्पर पाटा टाकू की एअर बॅग?

मोटारवाला_मखमलाबाद (शनिवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. मी विहिरी-बोअरच्या मोटारी काढायचं आणि सोडायचं काम करतो. घर मखमलाबादला, कामं मात्र निम्मी पेठ, हरसूल, सुरगाण्याकडची. आधी पिकअप होती. पावसाळ्यात ती शेताच्या बांधावर अशी रुतायची, की मोटारीचे पैसे ट्रॅक्टरवाल्याच्या खिशात जायचे. वैतागून २०१३ची थार सीआरडीई घेतली, सेकंड हँड, फोर बाय फोर. मागचे बाक काढून टाकले. आता कुठल्याही नाल्यातून विहिरीच्या काठापर्यंत जाते, त्याबद्दल गाडीला नावं ठेवणार नाही.

रडगाणं मागच्या पाट्यांचं आहे, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या पोलादी स्प्रिंग-पट्ट्यांचं. सामान भरलं की गाडी मागून अशी बसते की बघणारा म्हणतो, कुत्रं बसलंय. चाकाच्या मधोमधपासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावली. रिकामी ४९.५ सेंटीमीटर, भरलेली ४१. एक्सल आणि बंप रबर (एक्सल चासीवर आदळू नये म्हणून लावलेला रबराचा ठोकळा) यांच्यात दोन बोटंही राहत नाहीत. सावळघाटात प्रत्येक खड्ड्याला मागून 'धाड' असा आवाज येतो आणि तो थेट मणक्यात जातो. रात्री येताना समोरचे अप्पर-डिप्पर मारतात. मला वाटायचं ओळखीचे आहेत. नंतर कळलं, माझेच लाईट त्यांच्या डोळ्यात जातायत.

आतापर्यंत केलेले उद्योग:

आधी मागचे दोन्ही शॉकअप नवीन टाकले. उंचीत फरक शून्य.

मग एका ठिकाणी (नाव नको) पाटे काढून कमान मारून घेतली. त्याने गॅस कटरने पाटे लालबुंद केले, हातोड्याने वाकवले आणि पाण्याच्या बादलीत बुडवले. गाडी दोन इंच वर आली, मी खूश. दोन महिन्यांत होती तिथे. परत गेलो तर म्हणतो, "सामान कमी भरा."

सामान हे: मोटार वर ओढायच्या तिपाईचे तीन पाय, १२ फुटी, वरच्या कॅरिअरवर. चेन कप्पी. क्लॅम्प, पाने, साखळ्या यांची लोखंडी पेटी. केबलचा ड्रम आणि दोर. वेल्डिंगपुरता जनरेटर. पाण्याचा नि डिझेलचा कॅन. सगळं मिळून सव्वातीनशे किलो असेल. आठवड्यातले सहा दिवस हे गाडीतच असतं, उतरवायला जागा नाही.

एक म्हणतो हेल्पर पाटा, म्हणजे मदतीचा जादा पाटा टाक. दुसरा म्हणतो एअर बॅग, म्हणजे पाट्याच्या मदतीला हवा भरलेला रबरी फुगा. तिसरा म्हणतो पिकअपचे पाटेच चढव, आयुष्यभर बघायला नको. एप्रिल-मे आलाय. पाणी खाली गेलं की सगळ्यांना मोटार खाली सोडायची असते, गाडी दोन दिवसांच्या वर उभी करता येणार नाही. काय करू?

---

ट्रेलवाला (शनिवार, रात्री १०.१५)

दादा, एअर बॅगच्या भानगडीत पडू नका. हायवेवर ट्रॉली ओढणाऱ्याला ती ठीक. तुमच्या रस्त्याला बाभळीचे काटे, करवंदीच्या जाळ्या आणि चिखल. रबराला भोक पडलं तर हरसूलच्या पुढे कोण बसवून देणार?

शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी) लांब करायचा सल्लाही कुणीतरी देईलच, तोही घेऊ नका. शॅकल जेवढं वाढवाल त्याच्या साधारण निम्मी गाडी वर येते, पण पाटा एक किलोही जास्त पेलत नाही. गाडी उंच दिसते एवढंच. वर प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडून घरघर सुरू होते ते वेगळं.

पिकअपच्या पाट्यांबद्दल: टाकून बघितलेत मी, माझ्या आधीच्या गाडीत. उतारावर एक चाक हवेत आणि दुसरं नुसतं फिरतंय. पाटा वाकला नाही तर चाक जमिनीला टेकणार कसं? ज्या नाल्यांसाठी थार घेतलीत, तेच नाले जड जातील.

---

गोदाकाठ (शनिवार, रात्री १०.३१)

बैलगाडी घ्या. पाटेच नाहीत.

---

निवृत्त_अंबड (रविवार, सकाळी ७.०५)

मोटारवाले, तुम्ही मोजमाप घेऊन आलात हे फार बरं केलंत. इथे बहुतेक जण "गाडी बसते" एवढंच लिहितात. मी तीस वर्षं अंबडच्या एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटवर काढली, त्यामुळे थोडं लांबेल.

शॉकअपने फरक पडणार नव्हताच. गाडीचं वजन पाटा पेलतो. शॉकअप फक्त पाट्याचं नाचणं थांबवतो. बसलेल्या गाडीला शॉकअप बदलणं म्हणजे गुडघा दुखतोय म्हणून चप्पल बदलणं.

आता तुमचे लालबुंद पाटे. पाट्याचं पोलाद सिलिकॉन-मँगनीजचं असतं. त्याला ८५० ते ९०० अंशाच्या दरम्यान सगळीकडे सारखं तापवून तेलात थंड करावं लागतं. मग ४५० ते ५००च्या घरात पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा, तेव्हा कुठे त्याला स्प्रिंगपणा येतो. तुमच्या माणसाने गॅसने मध्येच एक पट्टा लाल केला. पाण्यात जिथे नीट बुडालं तिथे तो काचेसारखा झाला आणि लालीच्या कडेला, जिथे अर्धवट तापला, तिथे मऊ. मऊ भाग दोन महिन्यांत सरळ होतो. काचेसारखा भाग एक दिवस तुटतो. पाटे उतरवाल तेव्हा सेंटर बोल्टच्या, म्हणजे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या, आसपास नीट बघा.

पण पैसे काढायच्या आधी एक काम करा. वजनकाट्यावर जा आणि तीन पावत्या घ्या. पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. हे भरलेल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचंही. आत कुणी बसू नका. आणि जनरेटर नि पेटी मागच्या एक्सलच्या किती मागे आहेत, ते टेपने मोजून लिहा.

आणखी एक. बंप रबर खरंच आदळतंय का, ते कानावर सोडू नका. गाडी भरून झाली की रबरावर कणकेचा बोराएवढा गोळा चिकटवा आणि एक फेरी मारून या.

---

मोटारवाला_मखमलाबाद (सोमवार, रात्री ८.५०)

काका, आज सामान उतरवलं, काट्यावर गेलो, परत भरलं, परत गेलो. काटेवाला म्हणाला, "तुमचं काय चाललंय नक्की?" पावत्या अशा:

रिकामी: एकूण १६४०. पुढे ८६०, मागे ७८०.

भरलेली: एकूण १९७०. पुढे ८१०, मागे ११६०.

म्हणजे सामान ३३० किलो, अंदाज बरोबर होता. पण मागे वाढले ३८०! आणि पुढचे ५० कमी झाले. काट्यात खोट असेल म्हणून दुसरीकडेही केलं, तेच आलं. वजन भरल्यावर पुढचं कमी कसं होतं?

मोजमाप: जनरेटर ७५ किलोचा, एक्सलच्या ५५ सेंटीमीटर मागे, दाराला टेकून. पेटी ६० किलो, ६० सेंटीमीटर मागे. तिपाईचे पाय १०५ किलो, गाडीच्या मागे चार फूट बाहेर येतात, लाल फडकं बांधतो.

कणकेचा गोळा घरातून मागितला तर बायको म्हणाली, गाडीला आता पोळ्याही लागतात का. पेठ रोडच्या दोन स्पीडब्रेकरवरून जाऊन आलो. गोळ्याचा पापड. मध्ये रबराची नक्षी उठलेली.

---

निवृत्त_अंबड (सोमवार, रात्री ९.३०)

काट्यात खोट नाही. तुमची गाडी उलाळ झालीय.

बैलगाडीत ओझं मागे गेलं की जू वर उचलतं, तेच हे. तुमच्या थारच्या दोन एक्सलमधलं अंतर २४३ सेंटीमीटर. ७५ किलोचा जनरेटर मागच्या एक्सलच्याही ५५ मागे. म्हणजे पुढच्या एक्सलपासून २९८. ७५ गुणिले २९८, भागिले २४३ करा. ९२ किलो येतात. जनरेटर ७५चा, पण मागच्या पाट्यांना तो ९२चा वाटतो, आणि वरचे १७ किलो तो पुढच्या चाकांवरून उचलून घेतो. पेटीचंही तसंच, तिपाईचंही तसंच.

पुढचे ५० किलो गेल्यावर सावळघाटात उतारावर स्टिअरिंग हलकं, तरंगल्यासारखं लागतं का? लागत असणार. मला बसण्यापेक्षा त्याची काळजी जास्त वाटते. वळणावर गाडी वळायच्या ऐवजी सरळ जायला बघते ती अशाने.

एकही पाटा न घेता आधी सामान पुढे आणा. जनरेटर आणि पेटी सीटच्या पाठीला लावून, जमिनीवर, पट्ट्याने आवळून. तिपाई जेवढी पुढे सरकेल तेवढी. मग परत काटा.

---

आडगावचा_पाटेवाला (सोमवार, रात्री १०.१०)

काका बरोबर बोलतायत. आमच्याकडे ट्रक टर्मिनलवर हेच रोज चालतं. ड्रायव्हर म्हणतो पाटा वाढव. मी म्हणतो आधी माल कसा भरलास ते दाखव.

तरी पण दादा, तुमचे पाटे आता गेलेच समजा. गॅसने लाल केलेला पाटा मी परत घेत नाही. नवीन संच टाका, कंपनीच्या मापाचाच, जाडी वाढवू नका. सोबत तळाला एक सरळ हेल्पर टाका, कमान नसलेला. गाडी रिकामी असली की तो नुसता पडून राहतो, भरली की वरचे पाटे त्याच्यावर टेकतात आणि तो काम धरतो.

आणि पाटे एक्सलला आवळणारे जुने यू बोल्ट परत वापरायचे नाहीत. एकदा ताणलेला बोल्ट परत तसा आवळत नाही. गिऱ्हाईक म्हणतं चालतील की, चांगले दिसतायत. दिसतात चांगले. सेंटर बोल्ट तुटून एक्सल मागे सरकलेल्या गाड्या बघितल्यात मी.

---

निवृत्त_अंबड (सोमवार, रात्री १०.२५)

हेल्परला माझी हरकत नाही, पण तो पातळ हवा. सगळेच पाटे सहा मिलिमीटरचे सात केले तर ताठपणा एक षष्ठांशाने वाढत नाही, जवळजवळ ५९ टक्क्यांनी वाढतो. जाडीचा घन लागतो तिथे. ट्रेलवाले म्हणतात ते चाक हवेत राहणं यानेच होतं. एअर बॅग आणि वेगळे हेल्पर त्याला शोभतात, जो कधी रिकामा, कधी भरलेला फिरतो. मोटारवाल्यांचं ओझं कायमचं आहे, तेव्हा मूळ पाटे निरोगी असणं महत्त्वाचं.

मागच्या ब्रेकला लोड व्हॉल्व्ह असेल, एक्सलला दांडीने जोडलेला, तर उंची बदलल्यावर तो परत सेट करून घ्या. गाडी वर उचलली गेली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचा ब्रेक कमी देतो. तुम्ही मात्र भरलेले असता.

---

नियमवाला_१५ (मंगळवार, सकाळी ११.००)

हेल्पर टाकल्याने आरसीवरचं एकूण वजन वाढत नाही, एवढं लक्षात असू द्या. १९७०मध्ये तुम्ही आणि मदतनीस बसलात की २१००च्या पुढे जाता. आरसी काढून आकडा बघा. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे मूळ रचनेत मनाचे बदल चालत नाहीत. बाक काढलेत ते आणि चार फूट बाहेर आलेले पाइप, दोन्हींबद्दल पेठ रोडच्या आरटीओत एकदा विचारून घ्या. घराजवळच आहे तुमच्या.

---

मोटारवाला_मखमलाबाद (मंगळवार, दुपारी २.१५)

आरसी बघितली. आम्ही दोघं धरून आत बसतंय, पण फार जागा उरत नाही. बाक आणि पाइपचं विचारून येतो, तुमचं म्हणणं खरं आहे.

स्टिअरिंगचं काकांनी कसं ओळखलं? तरंगतंच. मी टायरच्या हवेला दोष देत होतो.

---

मोटारवाला_मखमलाबाद (पुढचा रविवार, रात्री ९.००)

मंडळी, झालं ते सांगतो.

आधी सामान हलवलं. सीटमागे पत्र्यावर लाकडी फळी टाकली, त्यावर जनरेटर आणि पेटी. चारही बाजूंनी ट्रकवाल्यांचा रॅचेट पट्टा. चेन कप्पी पेटीत गेली. दोन्ही कॅन ड्रमच्या पुढे. तिपाई वरच्या कॅरिअरवर पन्नास सेंटीमीटर पुढे सरकवली. आता मागे अडीच फूटच बाहेर येते. पोरगा म्हणाला, हे तर फुकटात झालं. फुकट कसलं, जनरेटर सुरू करायला आता मला गाडीत चढावं लागतं. कमरेला विचारा.

काटा: एकूण तेच १९७०. पुढे ९१५, मागे १०५५. मागचे १०५ किलो उतरले. भरलेली उंची ४१ची ४३ झाली. गुरुवारी सावळघाट उतरलो तेव्हा स्टिअरिंग हातात होतं. एवढ्याने आवाज निम्मा गेला, पण पूर्ण नाही.

मग शुक्रवारी आडगावला पाटे उतरवले. मी समोर स्टूल टाकून बसलो होतो. यू बोल्ट निघाले, वरची प्लेट निघाली आणि पोऱ्याने ड्रायव्हर बाजूचे पाटे एकेक करून वेगळे केले. चौथा पाटा हातात घेतला तर त्याचे दोन तुकडे. सेंटर बोल्टच्या भोकातून आडवा तुटलेला. तुटलेल्या तोंडावर अर्ध्या भागात जुना, काळा गंज, अर्ध्यात राखाडी, दाणेदार, ताजी चमक. म्हणजे आधी चीर गेली, कित्येक दिवस तशीच चालवली, आणि मग एका खड्ड्याला उरलेला तुटला. प्लेटखाली दाबलेला असल्यामुळे बाहेरून कुणालाच दिसला नसता. गॅसचा काळा-निळा डाग तिथून दोन बोटांवर. काका, तुम्ही सांगितलं होतं तिथेच. तो तुकडा घरी आणलाय. ज्याने गरम केला त्याला दाखवायला जाणार होतो, मग म्हटलं जाऊ दे, तो परत सामान कमी भरा म्हणेल.

नवीन संच कंपनीच्या मापाचा, तळाला एक पातळ सरळ हेल्पर, यू बोल्ट नवीन, दोन्ही बाजूंचे शॅकल बुश नवीन. लोड व्हॉल्व्हची दांडी सेट केली, हेडलाइटचा स्क्रू फिरवून लाईट खाली घेतले. उंची आता रिकामी ५२, भरलेली ४६.५. पिकअपच्या पाट्यांइतकी ताठ नाही. रिकामी चालवायची वेळच येत नाही, पण आडगावहून घरी येताना रिकामी होती, थोडी उडाली, चालतंय.

आज सुरगाण्याच्या अलीकडे एक साडेसात एचपीची मोटार काढायची होती. नाल्यातूनच रस्ता. निघताना रबरावर कणकेचा गोळा लावला, या वेळी लिंबाएवढा. दिवसभर काम, येताना तोच नाला, तोच घाट. घरी येऊन टॉर्च घेऊन खाली वाकलो. गोळा जागेवर, धुळीने तांबडा झालेला, वरून जरासा चेपलेला. बायकोला दाखवला. ती म्हणाली, आता तो परातीत आणू नका.

---

आडगावचा_पाटेवाला (रविवार, रात्री ९.४०)

सगळं ठीक. यू बोल्ट पाचशे किलोमीटरवर परत आवळायचे सांगितले होते. किती झाले?

---

मोटारवाला_मखमलाबाद (रविवार, रात्री ९.४४)

तीनशे ऐंशी. बुधवारी हरसूल करून गुरुवारी सकाळी येतो. पाना तयार ठेवा.